आपल्याच गावातले पाहुणे

पंचांगाच्या हिशेबाने चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने होत. वऱ्हाडातील माणसाने मात्र हा हिशेब कधी फारसा मनावर घेतलेला नाही. पळसाचा बहर ओसरतो, कडुनिंबाचा फुलोरा अंगणभर झडतो, कुठेतरी एखादा बहावा पिवळाजर्द होऊन उभा राहतो, एवढाच काय तो वसंताचा पुरावा. बाकी सारा कारभार उन्हाचा. सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा या मोठ्या गावी वैशाखातील दुपारी एखादा परका माणूस उतरला, तर गाव सोडून लोक गेले की काय, असा त्याला संशय यावा. पण तोच माणूस पहाटे पाच वाजता किंवा सायंकाळी सहानंतर त्याच रस्त्याने गेला, तर अंगणे झाडली जात आहेत, ओट्यांवर माणसे बसली आहेत, देवळात आरतीची तयारी चालू आहे, असे दृश्य त्याला दिसेल. वऱ्हाडातील उन्हाळ्याचा दिवस असा दोन टोकांना जगला जातो.

याच दिवसांत एकेकाळी गावातील घरे माणसांनी भरून जात. १ मे रोजी ध्वजवंदन होऊन प्रगतिपुस्तक हाती पडले की दुसऱ्या दिवशी पिशव्या भरायच्या आणि एस.टी.च्या लाल गाडीत बसायचे, हा अनेक घरांचा ठरलेला क्रम होता. आमच्या बालगीतांमधून मामाच्या गावाला आगगाडी जाते; साखरखेर्ड्याच्या मामाकडे मात्र ती कधीच गेली नाही. या तालुक्याला रेल्वे नाही. मेहकर किंवा चिखली गाठायचे, तिथे पुढच्या गाडीची वाट पाहायची आणि फाट्यावर उतरून सामान डोक्यावर घेऊन घरी पोहोचायचे. एवढे सायास करून आलेले मूल दोन दिवसांत परत जाणे शक्यच नव्हते. ते महिना-दीड महिना राहायचे. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. त्यामुळे इथल्या मुलांना ही सुट्टी थोडी अधिकच लाभत असे.

आज रस्ता सुधारला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटरचे अंतर पूर्ण जोडले गेले. हा महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा या तालुक्यांतूनच जातो. मुंबई, नाशिक, संभाजीनगर, नागपूर येथे स्थिरावलेल्या कुटुंबांना गाव आता काही तासांवर आले आहे. मग गावी येणे वाढले का? फेऱ्या कदाचित वाढल्या असतील. मुक्काम मात्र आटला. शुक्रवारी रात्री निघायचे, शनिवारी पोहोचायचे, देवदर्शन, एक जेवण, छायाचित्रे आणि रविवारी दुपारी परतीचा प्रवास. आजी-आजोबांना नातवंडे दिसतात, भेटत नाहीत. मुलांना गाव दिसते, कळत नाही. येणे कठीण होते तेव्हा राहणे सोपे होते आणि येणे सोपे झाले तसे राहणे अवघड झाले, ही आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबाची अवस्था आहे. आई-वडिलांना रजा नाही, हे कारण खरे आहे. पण ते पूर्वीही खरेच होते. वडील पोहोचवायला येत आणि दुसऱ्या दिवशी कामावर परतत. मुले मागे राहत. आज मुलांना मागे ठेवण्याचे धैर्य आपल्यात उरलेले नाही, हे खरे कारण आहे.

त्या राहण्यात काय होते, याचा विचार केला पाहिजे. कारण ‘गेले ते दिन’ असा सुस्कारा टाकून काही हाती लागत नाही. त्या राहण्यात सर्वांत मोठी गोष्ट होती ती काम. सुट्टीला आलेले मूल हे घरात पाहुणे नसे, ते घरच्या कामाच्या माणसांत मोजले जाई. उन्हाळी वाळवण हे त्याचे उत्तम उदाहरण. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग ते वाटून, गाळून त्याचा चीक काढायचा, तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून खाटेवर पसरलेल्या धुतलेल्या पातळावर घालायचा. शिजलेल्या चिकाची वाटी साखर घालून मुलांच्या हाती मिळायची, ही त्यांची मजुरी. त्या बदल्यात कावळे, शेळ्या आणि शेजारची कुत्री यांच्यापासून वाळवण राखायचे. ज्वारीच्या पापड्या, खारोड्या, मुगवड्या, सरगुंडे, शेवया यांतील प्रत्येक पदार्थाला वेगळी हातोटी आणि वेगळे वेळापत्रक. आज एका घरी पापड, उद्या दुसऱ्या घरी शेवया. आळीतल्या सगळ्या बायका आपापले पोळपाट-लाटणे घेऊन ज्या घरी काम असेल तिथे जात. कोणाकडे किती जणी आल्या आणि कोणाचे देणे राहिले, याची वही कोणी ठेवत नसे, पण हिशेब मात्र चुकत नसे. मुलांना परस्परसहकार्य म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातून शिकवावे लागले नाही, कारण ते त्यांनी खाटेशेजारी बसून पाहिले होते.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. त्या भरल्या घराचा सगळा भार घरातील स्त्रियांच्या पाठीवर होता. वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक, विहिरीचे पाणी, चुलीचा धूर आणि त्यावर वाळवणाचे काम. माहेरी आलेल्या लेकीला विसावा मिळायचा तो तिच्या भावजयीच्या श्रमावर. भावजय मात्र स्वतःच्या माहेरी कधी जायची, हा प्रश्न बहुतेक घरांत कोणी विचारलाही नाही. जुन्या उन्हाळ्याचे गोडवे गाणारे लेख बहुधा पुरुषांनी लिहिलेले असतात, आणि त्यात रसाची चव असते, रस गाळणाऱ्या हातांचा उल्लेख नसतो. तेव्हा तो उन्हाळा जसाच्या तसा परत आणा, असे आम्ही म्हणणार नाही. परत आणायचाच असेल तर त्यातील कामाची वाटणी बदलून आणावी लागेल. चीक ढवळायला ताकद लागते, ती नातवाकडे आहे. पाणी भरणे, भांडी घासणे, रस गाळणे ही कामे मुलग्यांनी केली तर त्यांचे काही बिघडत नाही. सुट्टीतल्या संस्काराची सुरुवात इथून झाली तर ती अधिक टिकाऊ होईल.

वाळवणाचे रूपही बदलले आहे आणि ते वाईटच बदलले असे नाही. खेडोपाडी महिला बचत गटांनी पापड, कुरडया, शेवया हा उन्हाळ्यातील उद्योग केला. जे काम घरात विनामोल होत असे, त्याला दाम मिळू लागला. शहरातील कुटुंबांनी गावाहून परतताना कुरडयांचे डबे फुकट नेण्याऐवजी गावातील गटाकडून योग्य किंमत देऊन न्यावेत, हेही सामाजिक कार्यच आहे. मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारा माणूस गावातील बाईशी पापडाच्या भावावरून घासाघीस करताना दिसतो, तेव्हा त्याच्या ग्रामप्रेमाविषयी शंका येते.

आता छंदांविषयी. शहरांत एप्रिल उजाडला की छंदवर्गांच्या जाहिराती सुरू होतात. चित्रकला, नृत्य, रोबोटिक्स, वैदिक गणित, व्यक्तिमत्त्व विकास. सकाळी एक वर्ग, सायंकाळी दुसरा. या वर्गांना आमचा विरोध नाही. त्यांत चांगले शिक्षक असतात आणि दोघेही पालक नोकरी करत असतील तर मुलांची सोयही होते. परंतु छंद हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरत आलो, त्यात शुल्क, प्रमाणपत्र आणि वेळापत्रक नव्हते. छंद लागावा लागतो. आणि तो लागण्यासाठी मुलाला रिकामा वेळ लागतो, थोडासा कंटाळाही लागतो. ज्या मुलाच्या दिवसातील प्रत्येक तास आपण आधीच भरून ठेवला आहे, त्याला स्वतःचे असे काही सापडण्याची संधीच आपण ठेवलेली नाही. उरलेला वेळ मोबाइल खाऊन टाकतो. त्यावर आपण मुलांना दोष देतो.

साखरखेर्ड्यासारख्या गावात छंदाला किती वाव आहे, हे पाहण्यासारखे आहे. याच गावाच्या शिवारात ऑक्टोबर १७२४ मध्ये एक लढाई झाली. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान. मुबारिझखान मारला गेला, निजामाचा दख्खनवरील ताबा पक्का झाला आणि विजयाची खूण म्हणून त्याने या गावाचे नाव फत्तेखेर्डा असे ठेवले. हैदराबादच्या असफजाही राजवटीचा खरा आरंभ या लढाईपासून मानला जातो. ती राजवट पुढे सव्वादोनशे वर्षे टिकली आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. त्या लढाईत बाजीराव पेशव्यांचे साहाय्य निजामाला होते, आणि त्याच बाजीरावांनी फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेड येथे त्याच निजामाला कोंडीत पकडून नमविले, ही इतिहासाची गुंतागुंत शाळकरी मुलाने समजून घ्यावी इतकी रंजक आहे. निजामाने दिलेले नाव लोकांच्या तोंडी रुजले नाही, गाव साखरखेर्डाच राहिले. यात लोकस्मृतीच्या चिवटपणाचा एक धडा आहे. २०२४ मध्ये या लढाईला तीनशे वर्षे पूर्ण झाली. गावी आलेल्या किती नातवंडांना ही गोष्ट कोणी सांगितली असेल?

त्याच तालुक्यात सिंदखेडराजा. लखुजीराजे जाधवांचा वाडा, जिजाऊंचे जन्मस्थान, मोती तलाव, चांदणी तलाव. १२ जानेवारीला तेथे लोटणारी गर्दी आपण पाहतो. मे महिन्यातील एखाद्या शांत सकाळी तिथे मुलांना नेले, तर त्यांना वाड्याचे दगड नीट पाहता येतील, आणि तलावाची बांधणी पाहून त्या काळच्या माणसांनी पाण्याचा विचार कसा केला होता हेही कळेल. पलीकडे लोणार. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्यातील खारे सरोवर. २०२० मध्ये त्याचा रामसर पाणथळांच्या यादीत समावेश झाला. जगभरातील अभ्यासक ज्या ठिकाणी येतात, ते ठिकाण आपल्या मामाच्या गावापासून जवळ आहे, हे जाणवल्यावर मुलाच्या मनात काय होत असेल? मेहकरच्या बालाजीची शारंगधराची मूर्ती, गावातला श्रीपळसिद्धांचा मठ, श्रीप्रल्हाद महाराज रामदासी यांचे संस्थान आणि त्यांच्यापासून गोंदवल्यापर्यंत जाणारी गुरुपरंपरा. प्रत्येक ठिकाणामागे विचारण्यासारखे दहा प्रश्न आहेत आणि उत्तरे देणारी वृद्ध माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत. ती किती दिवस बसलेली असतील, एवढाच प्रश्न आहे.

याहून साधा छंद हवा असेल तर आजीचे शब्द टिपावेत. गावरान आंब्यांच्या झाडांना लोक नावे देत असत. शेपूसारखा वास येतो तो शेप्या, गर खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या. आढी कशी घालायची, कोणता आंबा रसाचा आणि कोणता लोणच्याचा, हे सगळे ज्ञान शब्दांत साठवलेले आहे. जुन्या आमराया तुटल्या तशी ती नावेही चालली. एक वही आणि एक पेन्सिल घेऊन मुलाने पंधरा दिवस आजीच्या मागे हिंडावे. त्यातून उभे राहणारे छोटेसे शब्दांचे भांडार कोणत्याही छंदवर्गाच्या प्रमाणपत्रापेक्षा मोलाचे ठरेल. शिवाय आजीशी बोलायला कोणीतरी मिळेल; तिला त्याची अधिक गरज आहे.

कुटुंबाकडून समाजाकडे जाताना आपल्याकडे मध्ये भिंत नव्हती. वसंत हा आपल्याकडे सामाजिक उपक्रमांचाही ऋतू राहिला आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली, आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. उन्हाळ्याच्या सायंकाळी मोकळ्या पटांगणात सतरंज्या टाकून विचार ऐकायला बसणे ही मराठी मध्यमवर्गाची एक सवयच होती. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, आंब्याची डाळ आणि पन्हे. रामनवमीचा पाळणा, हनुमान जयंतीचा प्रसाद. रस्त्याच्या कडेला रांजण ठेवून घातलेली पाणपोई. यांतील प्रत्येक गोष्ट घरातून सुरू होऊन घराबाहेर जाते. पाणपोई घालणे हे श्रीमंतीचे लक्षण नव्हते. दोन रांजण, वाळ्याची जुडी आणि रोज पाणी भरणारा एक माणूस लागायचा. आज बाटलीबंद पाणी सर्वत्र मिळते, म्हणून पाणपोईची गरज संपली असे ज्यांना वाटते, त्यांनी बाजाराच्या दिवशी फाट्यावर उभ्या असलेल्या मजूर बाईच्या हातात बाटली आहे का, ते पाहावे.

आणि पाण्याचा विषय निघाला म्हणजे मग गावाच्या खऱ्या प्रश्नाला हात घालावाच लागतो. या जिल्ह्यात मे महिना हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावण्याचा महिना राहिला आहे. परंतु याच जिल्ह्याने उन्हाळा कसा वापरता येतो हेही दाखविले. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचा काळ मुद्दाम ८ एप्रिल ते २२ मे असा ठेवलेला असे. शेतीची कामे कमी, शाळांना सुट्टी, आणि पाऊस यायला काही आठवडे. २०१८ च्या स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड हे गाव राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत होते. (सिंदखेडराजा वेगळे, हे दुसरे.) त्याच वर्षी १ मे रोजी शहरांतील हजारो माणसे श्रमदानासाठी खेड्यांत गेली होती. एरवी ज्या दिवशी आपण निकाल हाती घेऊन सहलीचे बेत करतो, त्या दिवशी काही कुटुंबे मुलांसह कुदळ-फावडे घेऊन चर खणत होती. त्याच सुमारास तलाव-नाल्यांतील गाळ आणि मुरूम काढून महामार्गाच्या कामाला वापरण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ही देशभर चर्चिला गेला: रस्त्याला माती मिळाली, तलावाला खोली मिळाली.

स्पर्धा संपल्या, यंत्रे गेली, योजनांची नावे बदलली. खणलेल्या चरांत पुन्हा गाळ भरतो, बांधांवर झुडपे उगवतात. या गोष्टी दरवर्षी करण्याच्या आहेत, त्यांना एकदाचे उद्घाटन पुरत नाही. गाडगेबाबांनी हे आपल्याला करून दाखविले. ते कीर्तनासाठी गावात गेले की आधी हाती खराटा घेत, कीर्तन नंतर. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या श्रमाला आणि सामुदायिक प्रार्थनेला जे स्थान दिले, ते एकाच वेळी दिले. एक झाले की दुसरे, असे नव्हे. हे दोन्ही संत विदर्भाचेच, आणि दोघांच्या तसबिरी आपल्या घरांत आहेत. तसबिरीखाली खराटा किती घरांत आहे, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा. गावी आलेल्या कुटुंबाने आठवड्यातील दोन सकाळी, उन्हे चढण्यापूर्वी, सार्वजनिक विहिरीचा परिसर, नाल्याचे तोंड किंवा देवळाचे आवार स्वच्छ करायचे ठरविले, तर त्यासाठी कोणाच्या परवानगीची, अनुदानाची किंवा फलकाची गरज नाही. आणि ते करताना गावातील सर्व आळ्यांतील मुले सोबत असावीत. एकेकाळी गावातील विहीर सगळ्यांची नव्हती, ही आपल्या समाजाची जुनी जखम आहे. ती भरून यायची असेल तर एकाच विहिरीतला गाळ सगळ्यांनी मिळून उपसण्यासारखा दुसरा उपाय नाही.

सुट्टी हा शब्दही सर्वांसाठी सारखा नाही, याचे भान ठेवावे. या टापूतील काही कुटुंबे ऊसतोडीसाठी, वीटभट्ट्यांवर किंवा शहरांतील बांधकामांवर दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. आपली मुले ज्या दिवसांत सुट्टीसाठी गावी येतात, त्याच दिवसांत ही मुले घरी येतात. एकाची शाळा संपलेली असते, दुसऱ्याची बुडालेली असते. दोघे एकाच मैदानात विटीदांडू खेळतील, यात शंका नाही. मुले तेवढी शहाणी असतात. पण सायंकाळचा एक तास शहरातील मुलाने आपली पुस्तके घेऊन ओट्यावर बसावे, आणि त्या दुसऱ्या मुलाला शेजारी बसवावे. वाचन, गणित, जे सुटले असेल ते. यात उपकाराची भाषा नको. त्या मुलाला पक्ष्यांची घरटी, ढेकळांचे वास, बैलाची नजर यांतले जे कळते, ते शहरातल्या मुलाला कळत नाही. देवघेव दोन्ही बाजूंनी होईल.

अक्षय तृतीयेचा विषय निघाला की बुलढाणा जिल्ह्याबाहेरचे लोक भेंडवळची घटमांडणी आठवतात. जळगाव जामोद तालुक्यातील त्या गावी त्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्ये, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, आणि घागरीवर पापड, कुरडई, सांडई, करंजी. दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य किती हलले, कोणता पदार्थ राहिला, यावरून पीक-पाण्याचे भाकीत केले जाते. पावसाचा अंदाज म्हणून या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, आणि शेतकऱ्याने पेरणी हवामान खात्याचा अंदाज पाहून आणि स्वतःच्या शेताची ओल पाहूनच करावी, असे आमचे मत आहे. तरीही त्या मांडणीकडे आम्हाला थोड्या वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. घरच्या बायकांनी केलेली कुरडई आणि पापड तिथे अठरा धान्यांच्या बरोबरीने बसले आहेत. घरातले वाळवण आणि शिवारातले पीक हे त्या मांडणीत एकाच रिंगणात येतात. पंचक्रोशीतील शेतकरी एका पहाटे एकत्र उभे राहून येणाऱ्या हंगामाचा विचार करतात. तसे एकत्र उभे राहण्याचे निमित्त आज किती गावांत उरले आहे?

आता थोडे व्यवहाराचे. विदर्भातील मे महिना ही काही हौसेने अंगावर घेण्याची गोष्ट नव्हे. सकाळी दहा ते सायंकाळी पाच मुलांनी घरातच राहावे. ही वेळ पत्ते, सोंगट्या, वाचन, गोष्टी आणि झोप यांची. बाहेर जाताना डोक्याला शेला आणि पोटात पन्हे किंवा ताक. पोहणे शिकायला विहिरीइतके चांगले ठिकाण नाही, पण पाठीला डबा बांधून आणि काठावर पोहता येणारा मोठा माणूस उभा असेल तरच. दर उन्हाळ्यात विहिरींत आणि शेततळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्या प्रत्येक बातमीत ‘सोबत कोणी मोठे नव्हते’ हे वाक्य असते. शेततळ्याच्या कडेला तर जाऊच देऊ नये. त्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही. मोबाइल पूर्ण काढून घेण्याचा अट्टहास निरर्थक आहे. आजोबांनाही आता तो हवा असतो. दिवसातील एक ठरावीक वेळ ठेवावी आणि ती मोठ्यांनीही पाळावी.

आणि मुक्काम किमान पंधरा दिवसांचा असावा. पहिले तीन-चार दिवस मूल कंटाळते, चिडते, घरी जायचे म्हणते. त्या वेळी आई-वडिलांनी दूरध्वनीवर विरघळून जाऊ नये. पाचव्या दिवशी त्याला शेजारच्या घराचा मागचा दरवाजा माहीत झालेला असतो आणि आठव्या दिवशी आळीतील म्हातारी त्याला नावाने हाक मारते. दोन दिवसांच्या भेटीत हे घडत नाही. आजी-आजोबांची प्रकृती झेपणारी नसेल तर मुलांपैकी एका काकूने किंवा आत्याने सोबत राहावे, किंवा चार भावंडांनी पाळी ठरवावी. सगळा भार पुन्हा एकाच सुनेवर टाकून भरल्या घराचा आनंद लुटायचा असेल, तर गावी न आलेलेच बरे.

बंद घरांविषयी दोन शब्द. साखरखेर्डा असो की वऱ्हाडातील दुसरे कोणतेही गाव, कुलूप लागलेली घरे आता प्रत्येक आळीत दिसतात. वाटणीचा वाद असतो, कोणी परदेशी असतो, कोणी निवृत्तीनंतर शहरातच राहतो. घर विकायचे नसेल तर वर्षातून एकदा तरी उघडावे. वैशाखात उघडावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी कौले फिरवून होतात, वाळवी कळते, मोरी दुरुस्त होते. ते उघडताना मुले सोबत असावीत. आजोबांची पेटी त्यांच्यासमोर उघडावी. जुने सातबारे, लग्नपत्रिका, पत्रे, एखादे पिवळे पडलेले प्रगतिपुस्तक. ज्या घराच्या फडताळात काय आहे हे मुलाला ठाऊक आहे, ते घर त्याच्या लेखी नुसती मालमत्ता राहत नाही. आणि एखाद्या घरात कोणी राहणारच नसेल, तर त्याची पुढची खोली गावच्या वाचनालयाला किंवा मुलांच्या अभ्यासिकेला द्यायला काय हरकत आहे? कुलूप तसेही गंजतेच.

अक्षय तृतीयेला घरोघर मातीची नवी घागर आणून, तीत पाणी भरून पितरांच्या नावाने पुजतात. कुंभाराकडून घागर आणायचे काम यंदा नातवाला सांगावे. कुंभाराचे घर कोठे आहे, हे त्याला विचारत विचारत जाऊ द्यावे. घागर वाजवून पारखायची असते, हे आजोबा त्याला निघण्यापूर्वी सांगतील. एक-दोन फुटल्या तरी चालतील. भरलेली घागर घरात आल्यावर त्याच्याच हाताने एक तांब्या पाणी दारावरून जाणाऱ्या पहिल्या तहानलेल्या माणसाला द्यावे, मग तो कोणीही असो.